निरभ्र आकाशातली अमृतवर्षा

मे महिन्यातली संध्याकाळ, डोक्यावर ढगाचा एक तुकडा नाही, आणि जबलपूरच्या अधारतालपलीकडच्या आमच्या वसाहतीच्या मैदानावर शे-दोनशे माणसं तोंड वर करून, जीभ बाहेर काढून उभी होती. डॉक्टरलाही कुणी इतक्या आज्ञाधारकपणे जीभ दाखवत नाही. मंचावर मेघानंद महाराज होते. त्यांनी डोळे मिटले, उघडले, मंडपावरच्या उंच ध्वजाकडे एकदा पाहिलं आणि हात वर केला.

"बरसो, मैया!"

आणि खरंच भुरभुर सुरू झाली. बारीक, गार तुषार. माणसं रडायला लागली.

"देखा? मोठमोठे सायंटिस्ट मशिनी लावतात, आपलं काम एका हातात! छत्री उघडू नका रे, छत्रीवर अमृत नाही, पाप जमा होतं. सांस गहरी घ्या! अमृत फेफड्यात गेलं पाहिजे!"

माझी थोरली बहीण सत्यभामाताई पहिल्या रांगेत बसून, गुडघ्यांवरचं लुगडं सावरत, भात्यासारखा श्वास ओढत होती. तिचे गुडघे दुखायचे. गुडघ्यांचं औषध फुफ्फुसातून कसं जाणार, हे विचारणारा नास्तिक मीच. म्हणून मला शेवटची रांग.

मैदानाच्या पश्चिमेला उंच भिंत आहे आणि भिंतीपलीकडे बिनखिडक्यांची एक अवाढव्य इमारत. ते डेटा सेंटर. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी सांगितलं होतं, की साऱ्या देशाचे फोटो, निरोप, बँकेचे व्यवहार आता इथल्या कॉम्प्युटरांत राहणार, आणि वसाहतीच्या घराघरात नोकरी येणार. नोकरी आली. गेटवर चौकीदार आणि बागेत माळी. त्यानंतर आमचे हापसे एकेक करून खरखरायला लागले. विहिरींचा तळ दिसला. आमचा शेजारी रत्नाकर तेव्हा चवताळून उठला होता. "चलो, कंपनीले विचारू, आपलं पाणी काहून आटून राहिलं!" तारीखसुद्धा ठरली होती.

नेमके त्याच आठवड्यात महाराज प्रकटले. त्यांच्या मंडपाच्या दिव्यांची वायर कंपनीच्या भिंतीवरून आली होती, पण भक्तांची नजर आकाशाकडे असल्यामुळे ती कुणाला दिसली नाही. रत्नाकर मुख्य सेवक झाला. आता पिण्याचं पाणी टँकरचं आणि प्रसादाचं आकाशातलं, अशी सोय झाली. कंपनीला जाब विचारायचं कुणाला आठवेना.

महाराजांचा दुसरा चमत्कार म्हणजे विभूती. गच्चीवर काळं कापड पसरून ठेवायचं. सकाळी त्यावर पांढरे ठिपके उमटलेले असत. ते खरवडून पुडीत बांधायचे आणि कपाळाला लावायचे.

माझी बायको सुहासिनी गढा भागातल्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तिने ताईच्या पुडीतली चिमूट बशीत घेतली आणि वर लिंबू पिळलं. विभूती फसफसली. मग गिझरच्या कांबीवर साचलेला पांढरा थर काढून त्यावर लिंबू पिळलं. तोही तसाच फसफसला.

"हा आपल्याच बोअरच्या पाण्याचा क्षार दिसतो," ती म्हणाली. "पण एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही."

रत्नाकर नेमका दारात उभा होता. "वहिनी, तुम्ही काहून सगळ्याच गोष्टीत लिंबू पिळून राहिल्या?"

ताई म्हणाली, "सुहास, देवाची परीक्षा नको घेऊ बाई."

परीक्षा ताईचीच झाली. चार-सहा दिवसांत तिला ताप भरला, खोकला सुरू झाला, ओठ निळसर पडले. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया. डॉक्टर विभावरी यांनी ऑक्सिजन लावला आणि विचारलं, "या कुठे कारंज्याजवळ, मोठ्या कूलरजवळ बसतात का? साठवून फिरवलेल्या पाण्यात जंतू वाढतात. त्याचे तुषार श्वासात गेले की असं होऊ शकतं. तपासणी आल्याशिवाय मी नक्की सांगणार नाही."

सुहासिनी ताईचा हात हातात घेऊन बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. रोजचा पश्चिमेचा झोत थांबून पूर्वेकडून पुरवाई सुटली. सुहासिनी शाळेतून आली ती तडक मैदानावर. मी मागोमाग. महाराजांनी डोळे मिटले, उघडले, ध्वजाकडे पाहिलं आणि प्रवचन लांबवलं. ध्वज उलट्या बाजूला फडफडत होता.

"महाराज, हात वर करा ना," सुहासिनी उभी राहिली. "माझी नणंद दवाखान्यात आहे. तिच्यासाठी अमृत पाहिजे."

महाराज गडबडले. त्यांनी हात वर केला, मग दुसराही केला. थेंब पडेना. "आज किसी की श्रद्धा कम है," ते कठोरपणे म्हणाले.

"माझी कमी आहे, मान्य. पण बाकी सगळ्यांची का पुरत नाही? चला माझ्याबरोबर, आज अमृत कुठं पडून राहिलं ते दाखवते."

ती निघाली. आधी चारच बाया निघाल्या, मग कुतूहलानं सगळा मंडप उठला. भिंतीला वळसा घालून आम्ही इमारतीच्या पश्चिमेला गेलो. तिथे उकिरड्याशेजारी म्हशी बसल्या होत्या आणि त्यांच्यावर अमृतवर्षा होत होती. म्हशींनी हात जोडले नव्हते, पुडी घेतली नव्हती, ध्यानही केलं नव्हतं. सगळ्या रवंथ करत होत्या.

"वर बघा," सुहासिनी म्हणाली.

इमारतीच्या छतावर घरांएवढे पंखे फिरत होते. त्यांतून निघणारा पांढरा फवारा वाऱ्याबरोबर तिरका होऊन थेट म्हशींवर येत होता.

"हे कॉम्प्युटर तापतात. त्यांना थंड करायला वर पाणी फिरवतात. तो आपल्या घरच्या कूलरचाच थोरला भाऊ. थेंब अडवायच्या जाळ्या फाटल्या असतील, म्हणून पाणी बाहेर उडतं. वाळलं की क्षार उरतो, ती विभूती. रोज वारा आपल्याकडे, म्हणून अमृत आपल्याकडे. महाराज देवाकडे पाहत नव्हते, ध्वजाकडे पाहत होते."

तेवढ्यात बड्या फुहाऱ्याच्या बाजारातला कापडवाला नीलकंठ ओरडला, "अरे, ओळखलं! हा महाराज तर आमच्या दुकानासमोर कूलर विकायचा! कूलरनं पाणी फेकलं की म्हणायचा, भैया, शुभ है, ठंडक ज्यादा देगा!"

सगळे मागे वळले. महाराज अंतर्धान पावले होते. हा मात्र त्यांचा खरा चमत्कार.

रत्नाकर खाली मान घालून उभा होता. मग हळूच म्हणाला, "वहिनी, मंग हे वर उडून राहिलं ते पाणी येतं कुठून?"

"तुझ्या हापशातून," सुहासिनी म्हणाली. "जमिनीखाली पाणी एकच. त्यांचे बोअर खोल, आपले उथळ."

ताई वाचली. घरी आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती. "मी येडी ठरली का रे?" तिनं विचारलं. नाही. गुडघे दुखत होते, घरात पाणी नव्हतं, आणि एक माणूस दोन्हींचं औषध फुकट देतो म्हणाला. येडं होण्यासाठी एवढं कुणालाही पुरतं.

मला त्या इमारतीचा राग नाही. माझ्या फोनमधले फोटोही अशाच कुठल्यातरी इमारतीत असणार आणि तिथलेही हापसे खरखरत असतील. म्हणूनच वाचकांना हात जोडून सांगणं एवढंच. आकाशातून फुकट काही पडलं की ते कुठून उचललंय ते विचारा. बाबालाही विचारा आणि टाय लावलेल्या साहेबालाही. जो राग मानेल त्याला दुसऱ्यांदा विचारा.

आम्ही विचारलं. सारी वसाहत गेटवर गेली. जाळ्या दुरुस्त करायला कंपनी लगेच तयार झाली, पण रोज किती पाणी उपसता, या प्रश्नावर साहेब गोड हसले. ताई रत्नाकरच्या स्कूटरवरून हट्टानं आली होती. साहेब तिच्यापुढे वाकून म्हणाले, "माँजी, विकास पर विश्वास रखिए."

ताईला धाप लागली होती. ती श्वास घेईपर्यंत सगळे थांबले.

"विश्वास ठेवून पाह्यला भैया, फेफडं भरलं," ती म्हणाली. "आता आकडा सांग."