तोरणाखालची झडती

बैलाच्या खांद्याला चोळलेली लोणी-हळद.

तुरीच्या डाळीच्या डब्यात कोंबलेला मोबाइल.

नाल्याकाठी पुलाची पाटी. पूल नाही.

चुलीत दोनशे पानी वही.

वही सुंदराबाईची होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकून, हळदीच्या हातांनी ती गोठ्यातून आत आली, तेव्हा अर्धी जळून गेली होती. तिचा नवरा डोमाजी उरलेली पानं चिमट्याने आत सारत होता.

"अवो, काय करून राहिले? माह्या झडत्या हायेत त्याच्यात!"

"हळू बोल."

"काऊन? भिंतीले कान फुटले का?"

तो हसला नाही. त्याने डाळीच्या डब्याचं झाकण दाबून पाहिलं. वर्ष झालं, घरात मीठ मागायचं असलं तरी तो आधी मोबाइल डब्यात टाकायचा.

पोळ्याला तोरणाखाली झडती म्हणायची, कोणाचंही उणं काढायचं आणि ज्याचं निघालं त्याने हसून सोडून द्यायचं, ही गावाची जुनी रीत. तोरणाखाली बाया उभ्या राहत नाहीत, म्हणून रचायची सुंदराबाई आणि म्हणायचा डोमाजी. गावाला वाटे, सारं डोकं त्याचंच. गेल्या पोळ्याला त्याने म्हटलं होतं:

पाटी पुलाची उभी नाल्यात,
बैल माहा पोहला पावसाळ्यात,
सांगा, पूल लपला कोणाच्या माळ्यात?

गाव पोट धरून हसलं. पुलाचा ठेकेदार ओमप्रकाशही हसला. पण कोणाच्या तरी मोबाइलवरून ती झडती परतवाड्याला गेली, तिथून अकोल्याला. चौथ्या दिवशी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. बदनामीची तक्रार होती. डोमाजी चार तास बसून आला. काय विचारलं, ते त्याने घरी सांगितलं नाही.

"उद्या म्हणसाल नं?" सुंदराबाईने विचारलं. "मले तोंडपाठ हाय. वही जायली तं जायली."

"नाही म्हणत."

"एवढे भेकड कधी झाले तुमी?"

"हाव. भेकडच हाय मी."

तो गोठ्यात गेला. बैलांना आवतन द्यायचं ते खणखणीत आवाजात, शेजारच्या गोठ्यात ऐकू जावं असं. डोमाजी बैलाच्या कानाशी वाकला आणि पुटपुटला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल रांगेने उभे राहिले. सुंदराबाई पूजेचं ताट घेऊन बायांमध्ये, पाराच्या कडेला थांबली. ओमप्रकाश खुर्चीवर बसला होता. त्याच्या बाजूला तीन मोबाइल आधीच वर झाले होते.

"एक नमन गौरा पार्वती, हर बोला!" डोमाजीने हाक दिली.

"हर हर महादेव!"

आता झडती यायची.  पण त्याने पुन्हा नमनच म्हटलं. गावाने पुन्हा महादेव म्हटलं, जरा हळू. तिसऱ्यांदा कोणीच काही म्हटलं नाही. एका बैलाची घाटी तेवढी वाजली.

"म्हणा की, डोमाजीभाऊ," ओमप्रकाश गोड आवाजात म्हणाला. "आमीबी ऐकाले बसलो. औंदा कोणाचा नंबर?"

सुंदराबाईच्या ओठांवर अख्खी झडती आली. ताट शेजारणीच्या हातात देऊन ती एक पाऊल पुढे सरकली. डोमाजीने मान वळवली नाही. फक्त त्याचा डावा हात मागे आला आणि बुजलेल्या बैलाला थोपवावं तसा, दोनदा खाली दबला.

ती थांबली.

"विसरलो," तो मोबाइलकडे पाहून म्हणाला. "वय झालं."

कोणीतरी फिसकन हसलं. तोरण तोडलं, पोळा फुटला, बैल उधळले. घरी जाताना सुंदराबाई त्याच्यापुढे दहा पावलं चालली आणि एकदाही मागे वळली नाही.

गेल्या वर्षी ठाण्यात चार तास त्याला एकच विचारलं होतं, हे तुला लिहून कोण देतं. आणि डोमाजीने दर वेळी एकच सांगितलं होतं, आमच्या घरी कोणाले लिहिता येत नाही.