नाजूक कातडीचा साबण

ड्रायव्हरची कातडी नाजूक झाली, हे नानांना काही केल्या पटेना.

दुसऱ्या कोणाचं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. म्हातारपणी कोणाला काय होईल, सांगता येत नाही. पण ड्रायव्हर? जन्मभर ट्रकच्या खिडकीशी बसून ज्याचा एक गाल दुसऱ्यापेक्षा काळा पडला, जो डिझेलच्या हातांनी तोंड पुसायचा, ज्याला कोणी कितीही बोललं तरी ढिम्म! गेंड्याची कातडी म्हणतात ती हीच, असं नानांनी त्याला दाढी करता करता कितीदा तरी ऐकवलं होतं. आणि हाच गडी फोनवर सांगत होता, "नाना, सध्या काही दिवस येत नाही रे. दाढी केली की तोंडाची आग आग होते. डॉक्टर म्हणाला, कातडी नाजूक झालीय."

"कोणता डॉक्टर?"

"आहे एक."

"साबणाचं काम असेल. साबण बदलू की."

"बघ बाबा. मिळाला एखादा तर कळव," असं म्हणून ड्रायव्हरनं फोन ठेवला. काही दिवस म्हणता म्हणता बाहेरची झाडं पानगळीला आली, तरी त्याचा पत्ता नाही.

कोपऱ्यावरचं सलून नानांचं. दोन खुर्च्या, दोन आरसे. आता एका खुर्चीवर त्यांची लेक काम करायची, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या खुर्चीवरही तीच करायची. "नाना, तुम्ही फेस करून द्या, बाकीचं मी बघते," असं ती म्हणायची. नाना फेस करून द्यायचे, टॉवेल गरम करायचे, वस्तरा पट्ट्यावर घासून ठेवायचे. लेक आपल्याला आराम मिळावा म्हणून झटते, या कौतुकात ते खूश होते. सकाळी चहाची कपबशी हातात वाजायची, तेव्हा ते थंडीला शिव्या द्यायचे. उन्हाळ्यात पंख्याला द्यायचे.

खिडकीजवळची खुर्ची मात्र ड्रायव्हरची. दोघांचेही केस काळे होते तेव्हापासून तो सुटीच्या दिवशी तिथं येऊन बसायचा. दाढी हे निमित्त होतं. नाना कधी ही गल्ली सोडून फारसे कुठं गेले नाहीत. त्यांनी मुलूख पाहिला तो ड्रायव्हरच्या तोंडून, आणि तेही अर्धं तोंड फेसात असताना. कुठला पूल वाहून गेला, कुठल्या घाटात ब्रेक लागेना, कुठल्या ढाबेवालीनं त्याच्याशी लग्नच लावायचं ठरवलं होतं. नोकरी सुटल्यावर तेच किस्से परत सुरू झाले, फक्त त्यात घाट जास्त उंच झाले आणि ढाबेवाली जास्त देखणी. नाना म्हणायचे, "थापा मारताना हलू नकोस, कापेल." आता ती खुर्ची रिकामी असली की त्यांना दुकानात करमत नसे. गिऱ्हाइकं येत, बोलत, जात. पण माणूस आल्यासारखं वाटत नसे. ड्रायव्हरची त्यांना आठवण यायची. जेवताना यायची, झोपताना यायची, आणि कोणाला सांगायला जावं तर हसतील म्हणून ते गप्प बसायचे.

म्हणून नाना साबणाच्या मागे लागले. साबण सापडला की ड्रायव्हर परत आला, एवढा सरळ हिशेब.

आधी त्यांनी आपल्याच जुन्या साबणावर संशय घेतला. घरातल्या माणसावर घ्यावा तसा, मनाला लागत होतं, पण घेतला. त्या वडीला वास होता, हे खरं. डबा उघडला की दारापर्यंत यायचा. नाजूक कातडीला वासाइतकं वाईट काही नाही, हे नानांना माहीत होतं, पण गिऱ्हाइकांना तोच वास आवडायचा. त्यांनी ती वडी बाजूला ठेवली आणि बाजारातून दुसरी आणली. मग तिसरी. प्रत्येक साबणाचा फेस करून तो ते स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावायचे, तसाच सुकू द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी उजेडात हात धरून बघायचे. एकानं चट्टा उठवला. एकाला वास नव्हता, पण फेसात मोठाले बुडबुडे. असला फेस गालावर लावेपर्यंत विरतो, आणि फेस विरला की पातं कोरड्या कातडीवरून जातं. मग साबण कितीही गुणाचा असो, आग होणारच.

"नाना, हाताची काय दशा करून घेतलीय!" लेक ओरडली. "एवढंच असेल तर डब्यातला तयार फेस न्या ना. बटण दाबलं की झालं."

"तो फेस नाही. ते केकवरचं क्रीम आहे," नाना म्हणाले. "ड्रायव्हरचा वाढदिवस नाही, दाढी करायची आहे."

शेवटी मंडईमागच्या बोळात एक बाई घरीच साबण करून विकते, असं कळलं आणि नाना तिथं पोचले. दुकान कसलं, एक फळी आणि तिच्यामागे ती बाई. नानांनी इतके प्रश्न विचारले की तिनं हातातलं काम खाली ठेवलं.

"कोणासाठी हवाय?"

"मित्रासाठी."

"मित्रासाठी? लोक बायकोसाठीसुद्धा इतकी चौकशी करत नाहीत हो."

नानांचे कान तापले. पण बाईनं हसत हसत एक फिकट, जरा मऊशी वडी काढून दिली. चरबी आणि ग्लिसरीन घालून जुन्या पद्धतीनं केलेली, रंग नाही, वास नाही. "आधी वडीवर कोमट पाणी घालून जरा वेळ राहू द्या, मग ब्रश फिरवा," ती म्हणाली.

"ते मला नका शिकवू," नाना फणकारले.

घरी येऊन त्यांनी मुकाट्यानं वडीवर कोमट पाणी घातलं. फेस झाला तो दुधावरच्या सायीसारखा, दाट आणि शांत. तो कोपराला लावून नाना चहा प्यायला बसले. चहा संपला, वर्तमानपत्र संपलं, तरी फेस होता तिथंच. दुसऱ्या दिवशी हातावर डाग ना चट्टा. नानांना इतका आनंद झाला की त्यांनी तो हात लेकीच्या नाकासमोर धरला.

"छान. देऊन या त्यांना," ती म्हणाली. मग तिनं नानांची पिशवी बघितली. "वस्तरा कशाला नेताय?"

"मग साबण काय नुसता हुंगायला देऊ?"

लेक पिशवीतल्या वस्तऱ्याकडे बघत स्वच्छ असलेलाच टॉवेल झटकायला लागली.

ड्रायव्हर एकटाच राहायचा, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडून त्यानं नानांना बघितलं आणि त्याचं तोंड असं काही उजळलं की नानांचे जिन्याचे सगळे कष्ट वसूल झाले. मग त्याची नजर पिशवीवर गेली आणि तो जरा बावरला.

"अरे, फोन तरी करायचास."

"फोन केला असता तर तू पळून गेला असतास. सापडला बघ साबण! हात धुऊन येतो, तू खुर्ची घे खिडकीपाशी."

वस्तऱ्याला हात लावण्याआधी हात धुवायचे, ही नानांची जन्माची सवय. ते मोरीत गेले. नळाखाली हात धरले आणि समोर बघितलं. फळीवर अंगाला लावायचा एक लालभडक साबण होता, उग्र वासाचा, अर्धा झिजलेला. त्याच्यावर दाढीचे बारीक पांढरे केस चिकटले होते. शेजारी केस झडलेला एक ब्रश आणि गालावर चोपडायच्या त्या झोंबऱ्या पाण्याची बाटली. चांगल्या धडधाकट माणसाच्या गालाची सालं निघावीत असा सगळा सरंजाम. आणि दारात उभ्या ड्रायव्हरचे गाल तर मघाशी त्यांनी बघितले होते. गुळगुळीत. कुठं लाली नाही, पुरळ नाही.

नाना त्या लाल साबणाकडे बघत राहिले. कोणी रोज असा साबण लावून सुखात असेल, तर त्याच्या कातडीला काहीही झालेलं नाही. मग तो आपल्याकडे यायचा का थांबला?

नळाचं पाणी कोमट होतं. खोलीत ऊब होती. पंखा बंद होता. आणि नानांचे हात पाण्याखाली थरथरत होते.

तेव्हा त्यांना शेवटची दाढी आठवली. कानाखाली लागलं होतं. नाना त्याला ओरखडा म्हणाले होते, पण रक्त कॉलरपर्यंत आलं होतं. "तुरटी लाव, एवढं काय," म्हणून ड्रायव्हरच हसला होता. त्याच्या आधीच्या वेळी हनुवटी. त्याच्या आधी ओठ. लेकीचं ते "बाकीचं मी बघते" आठवलं आणि झटकलेला स्वच्छ टॉवेल आठवला. सगळ्यांना ठाऊक होतं. एकटे नाना साबण शोधत हिंडत होते.

ते बाहेर आले ते तणतणतच. "कातडी नाजूक झाली म्हणे! डॉक्टर म्हणे! लेका, तोंडावर सांगता येत नव्हतं?"

ड्रायव्हर खिडकीपाशी खुर्ची धरून उभा होता. त्यानं एकदा मोरीकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं.

"काय सांगणार होतो?" तो म्हणाला. "नाना, तुझा हात गेला, असं सांगू? मला नाही जमलं ते. म्हटलं, माझ्या कातडीवर घ्यावं."

"आणि यायचं बंद केलंस."

"येऊन दुसऱ्या खुर्चीत बसू? तुझ्या लेकीपुढे मान करू, आणि तू कोपऱ्यात बघत उभा? तेही नाही जमलं."

नानांना रागावायला जागाच उरली नव्हती. ड्रायव्हरनं दोरीवरचा टॉवेल ओढला, स्वतःच गळ्याभोवती गुंडाळला आणि खुर्चीत बसला. मान मागे टाकली. डोळे मिटले.

"कर," तो म्हणाला.

नानांनी वडीवर कोमट पाणी घातलं. थांबले. ब्रश फिरवायला घेतला. गंमत अशी की ब्रश गोल फिरायला लागला तशी थरथर त्यात विरून गेली, दिसेनाशीच झाली. फेस उत्तम आला. गालांवर, ओठांभोवती, गळ्यावर, त्यांनी तो इतक्या मायेनं लावला की ड्रायव्हर डोळे न उघडता पुटपुटला, "साबण मात्र झकास आहे रे."

मग त्यांनी वस्तरा उघडला. पात्यावरचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला आणि तिथं नाचायला लागला.

नानांना ती दाढी करायची होती. आयुष्यात कधी कशाची इतकी इच्छा झाली नव्हती. फक्त ही एक, नीट, कानापासून हनुवटीपर्यंत, आणि ड्रायव्हरनं थापा माराव्यात. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. ड्रायव्हरचा गळा पुढे होता, डोळे शांत मिटलेले होते. पण खुर्चीचे हात त्यानं असे काही आवळून धरले होते की बोटांची पेरं पांढरी झाली होती.

तो घाबरला होता. आणि तरी बसला होता.

नानांनी त्याची एक मूठ सोडवली आणि वस्तऱ्याची मूठ तिच्यात ठेवली. "तुझी तू कर. मी आरसा धरतो."

ड्रायव्हरनं डोळे उघडले. मग तो सरसावून बसला. नानांनी भिंतीवरचा आरसा काढून त्याच्यासमोर दोन्ही हातांनी धरला.

"नीट धर की. माझं तोंड आरशाबाहेर पळतंय."

"जन्म खड्ड्यांच्या रस्त्यावर गेला तुझा. हलत्या आरशात दाढी जमत नाही होय रे?"

ड्रायव्हर हसला, फेस तोंडात गेला, आणि थुंकता थुंकता तो आणखी हसला. मग गप्प होऊन तो सावकाश दाढी करू लागला, आणि नाना वस्तऱ्याच्या प्रत्येक ओढीबरोबर मनातल्या मनात आपला हात फिरवत राहिले. झाल्यावर त्यांनी आरसा खाली ठेवला आणि त्याच्या गालावरून, केसांच्या उलट दिशेनं, बोट फिरवलं. जबड्याखाली ते थांबलं.

"इथं राहिलंय."

"कुठं?"

"इथं," नाना म्हणाले, आणि बोट तिथंच ठेवून उभे राहिले.