शिफारसपत्राची चौकशी

इंदुबाईंनी सरकारी दवाखान्यात तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीनंतर नारायण पेठेतल्या एका लहानशा शुश्रूषा केंद्राचं काम हाती घेतलं. एवढ्या वर्षांत त्यांना एक सवय जडली होती. कुणी गोड बोललं, की पाणी कुठं मुरतंय ते आधी बघायचं.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये सृष्टी आली. बारावीची परीक्षा नुकतीच संपलेली.

"सिस्टर, मला रोज सकाळी इथं काम करायचंय."

"पगार मिळत नाही."

"नकोय मला."

"मग काय हवंय?"

पोरगी अडखळली. "फिजिओथेरपीला ॲडमिशन घ्यायचीय. त्या कॉलेजात इंटरव्ह्यू असतो. सेवा केल्याचं पत्र लागतं."

"म्हणजे दया हवी, तीही सही-शिक्क्यासकट," इंदुबाई म्हणाल्या आणि तिला चादरी बदलायला धाडलं.

सृष्टीचे वडील आनंद खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. त्यांनी तिला मुलाखतीच्या क्लासला घातलं होतं. एकदा तिच्या पिशवीतून क्लासचा छापील कागद पडला. सहानुभूती, संयम, संवाद, चूक कबूल करण्याचं धैर्य, अशी यादी होती. इंदुबाईंनी तो वाचला आणि घडी करून परत दिला. पण त्या दिवसापासून पोरगी कुणाचा हात हातात घेऊन बसली, की इंदुबाई मनाशी म्हणत, आज सहानुभूतीचा तास दिसतोय.

सृष्टीचं सगळ्यात जास्त जमलं ते सरुबाईंशी. सरुबाई मूळच्या खराडीच्या. अर्धं अंग लुळं पडलेलं, जीभ जड झालेली, पण बोलायची हौस तशीच. "आमच्या रानात तुझ्या बापाचं हापिस हाय, पोरी," असं त्या रोज सांगायच्या आणि दोघी हसायच्या. सरुबाईंना साधं पाणी चालत नसे, श्वासनळीत जाण्याची भीती. म्हणून पावडर घालून दाट केलेलं पाणी चमच्यानं द्यावं लागे.

जूनमधल्या एका सकाळी इंदुबाई औषधं लावत होत्या, तेवढ्यात सृष्टी धावत आली.

"सिस्टर, मी सरुबाईंना साधं पाणी पाजलं. त्या फार काकुळतीला आल्या होत्या. जोरात ठसका लागला. आता थांबलाय, पण छातीत घरघर वाजतेय."

इंदुबाई धावल्या. सरुबाईंना उठवून बसवलं, डॉक्टरांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तो आठ दिवस उतरला नाही. म्हातारी वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळीच कळलं म्हणून.

खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. सृष्टी गप्प बसली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. हे इंदुबाईंना कळत होतं, आणि नेमकं तेच खुपत होतं. त्यांनी तिला एकटीला गाठलं.

"खरं सांग. कबूल का केलंस? त्या कागदावर लिहिलंय म्हणून?"

"मीही तोच विचार करतेय, सिस्टर. धावताना मला तो कागद आठवला होता. आधी सरुबाई आठवल्या की कागद, ते माझं मलाच सांगता येत नाही."

इंदुबाईंनी आयुष्यभर सबबी ऐकल्या होत्या. असलं उत्तर पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी पत्र लिहिलं, आणि त्यात पाण्याची चूक आणि कबुली, दोन्ही घातल्या.

आनंदराव पत्र घेऊन आले. "अहो, एवढं पाण्याचं वाक्य काढता येईल का आपल्याला?"

"काढते की. मग सहीही काढते."

सृष्टीनं तेच पत्र कॉलेजात दिलं.

जुलैत कॉलेजातून एका गृहस्थांचा फोन आला. "पत्र आपणच लिहिलंत का? त्या पाण्याच्या चुकीचा उल्लेख मुलीनं करायला सांगितला होता का? हल्ली क्लासवाले शिकवतात, एखादी चूक सांगा म्हणजे प्रामाणिक वाटता."

इंदुबाईंचं डोकं फिरलं. तीस वर्षं त्या लोकांवर संशय घेत आल्या होत्या. त्यांच्यावर कुणी घेतला नव्हता.

"आठ दिवसांचा ताप क्लासात शिकवतात का हो? केसपेपर इथं आहे. येऊन वाचा."

"मग मुलगी प्रामाणिक आहे, असं म्हणता येईल?"

"तीन महिने मी तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवलीय. तिनं काय केलं ते लिहिलंय. मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही कळायचं नाही."

दुसऱ्या यादीत सृष्टीचं नाव लागलं. ती सांगायला आली, तेव्हा सरुबाईंनी तिचा हात धरला. "आता येशील का न्हाई?"

"दर रविवारी येईन असं नाही सांगत, आजी. जमेल तेव्हा येईन."

ऑगस्टात ती दोनदा आली, सप्टेंबरात एकदाही नाही. दिवाळीच्या सुट्टीत सलग चार दिवस आली. चौथ्या दिवशी ती निघाली, तशा इंदुबाई तिच्यामागोमाग दारापर्यंत गेल्या. ती आणखी एखादं पत्र मागेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं चपला घातल्या, "येते, सिस्टर," म्हणाली आणि जिना उतरून गेली.