नावेतली बाई आणि भिंतीतला आवाज

भिंतींना कान असतात म्हणतात. त्या घरात भिंतींना तोंडंही होती. स्वयंपाकघरात एक, बैठकीत दोन, गॅलरीत एक, आणि न्हाणीघरातसुद्धा आरशाच्या वर साबणाएवढा एक पांढरा स्पीकर. तार कशाला नाही, सगळा कारभार हवेतून. आईची नजर अधू झाली तेव्हा लेकानं आणि लेकीनं मिळून ते बसवले होते. तिनं आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना काजं केली, आता सुईचं भोकही तिला बोटानं शोधावं लागे. डोळ्यांनी साथ सोडली, तर कानांनी तरी हात धरावा, एवढाच हेतू.

लेक दुसऱ्या गावी एका बेकरीत पहाटेच्या पाळीला होती. घरात सगळे तिला छोटी म्हणत. दुपारी पाव थंड झाले, हात मोकळे झाले, की ती तिकडून मोबाइलसमोर जाडजूड कादंबरी मोठ्यानं वाचायची आणि इकडे आईच्या स्वयंपाकघरातली भिंत बोलायला लागायची. भिंत बोलायची, पण ऐकायची नाही. तो रस्ता एकेरी. तरी आई हुंकार द्यायची. काजाचा एक टाका, छोटीचं एक वाक्य, असं दोघींचं शिवण चालायचं.

थोरला लेक एका मोठ्या कंपनीत पाहुण्यांच्या पासांचा साहेब होता. कोण आत येणार, कुणाकडे, कशासाठी, गळ्यात कुठल्या रंगाची पट्टी घालून, हे सगळं तो ठरवी. सूनबाई केस कापण्याचं दुकान चालवायची आणि त्याच्या माघारी त्याला दरवान म्हणायची. समोरही म्हणायची, पण हसून.

घरी सगळं बिघडलं ते सूनबाईच्या भावामुळे. तो दोन दिवस राहून गेला, गाणी लावून गेला, जाताना स्पीकरशी जोडलेला मोबाइल मात्र तसाच घेऊन गेला. मग एका सकाळी साहेब बैठकीत बसून वरच्या साहेबांशी व्हिडिओवर बोलत होते. त्याच वेळी मेहुणे आपल्या घरी घोरण्यावरचे व्यायाम ऐकत होते. चुकून ते इकडच्या सगळ्या भिंतींतून सुरू झाले. शांत, गोड आवाजात एक बाई म्हणाली, "आता जीभ बाहेर काढा. अजून थोडी. लाजू नका."

वरच्या साहेबांनी काढली नाही. पण हसले.

त्या दिवसापासून घरात राज्यघटना लागू झाली. मालक एक. घरात राहणारे ते सदस्य. पत्ता वेगळा तो पाहुणा, मग तो सूर्य असला तरी. पाहुण्याला काही वाजवायचं असेल तर त्यानं आधी परवानगी मागायची, आणि कचेरीतल्यासारखं प्रत्येक पाहुण्याला घरातला एक यजमान. त्याच्या मोबाइलवर टिंग वाजणार, त्यानं दोन मिनिटांत हिरवं "हो" दाबायचं. नाही दाबलं, तर "नाही".

"आणि छोटी?" सूनबाईनं चहा गाळता गाळता विचारलं.

"पत्ता वेगळा आहे तिचा," तो म्हणाला. "बहीण म्हणून सूट दिली तर उद्या तुझा भाऊ मागेल."

"माझ्या भावाची जीभ अजून बाहेरच आहे, तो काय मागणार."

"तिची यजमान आई. आई, कळलं ना?"

आईनं मान हलवली. त्याच्या घोषणांना ती नेहमीच मान हलवायची. लेकाचा आवाज तेवढाच कानावर पडतो म्हणून.

आता या लेकानंच महिन्यापूर्वी आईला दुसरा एक नियम घालून दिला होता. मोबाइल टिंग वाजला की हात लावायचा नाही. फसवणारे असतात, गोड बोलतात, बोट लावलं की लुबाडतात. आई शब्दाची पक्की. टिंग वाजलं की ती मोबाइल खिशातून काढून डब्यांमागे ठेवायची, चोराला कोंडल्यासारखा.

कादंबरी नेमकी अडली होती ती पुरात. एक बाई एकटीच नावेत, नावेला भोक, काठ दिसत नाही. "उद्या बघू तिचं काय होतं," असं म्हणून छोटीनं पुस्तक मिटलं होतं. दुसऱ्या दुपारी आईनं सुई ओवली, स्टुलावर बसली, वाट पाहिली. टिंग वाजलं. तिनं मोबाइल डब्यांमागे ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा वाट पाहिली. भिंत गप्प. तिसऱ्या दुपारी टिंग, भिंत गप्प. चौथ्या, पाचव्या दुपारीही तेच, आणि मग टिंगही थांबलं.

लेक रागावली का? की कंटाळली? आंधळ्या म्हातारीला गोष्टी वाचून दाखवायच्या किती दिवस, तिलाही तिचा जीव आहे. आई हे कुणाला बोलली नाही. पण काजं वाकडी यायला लागली, आणि बोटांना ते कळत होतं.

शेवटी न राहवून तिनं सूनबाईकडून फोन लावून घेतला.

"छोटे, बरी आहेस ना?"

"बरी आहे." आवाज पावाच्या कडेसारखा कडक. "तुला ऐकायचं नसेल तर सरळ सांगायचंस. रोज रोज नाही कशाला म्हणायचं?"

"मी कधी नाही म्हणाले?"

"इथं लिहून येतं ना. यजमानांनी परवानगी नाकारली. चार वेळा. आता तर बंदच केलंय मला."

आईनं डब्यांकडे बोट केलं. सूनबाईनं डब्यांमागचा मोबाइल काढला, पाहिला, आणि कपाळाला हात लावला. "आई, तुमच्या चिरंजीवांनी परवानगी मागायला माणूस बरोबर निवडलाय. ज्याला दिसत नाही, त्याला हिरवं बटण." मग छोटीला तिनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडून आधी छोटीचा नाक ओढल्याचा आवाज आला, मग "दादाला भेटू दे मला एकदा," असं आलं.

"पण चारदा नाही झालं की पाहुणा कायमचा बाहेर," सूनबाई मोबाइल चाळत म्हणाली. "आता फक्त मालक उघडू शकतो. आणि मालक कचेरीत असताना फोन उचलत नाहीत. संध्याकाळी येतील तेव्हा बघू."

"संध्याकाळपर्यंत ती बाई बुडेल," आई म्हणाली. "चार दिवस नावेत उपाशी बसलीय. चल, मला त्याच्या कचेरीत सोड."

वाटेत सूनबाईचा हात धरून चालताना आई गुणगुणत होती. शिवणाला बसली की तिला असं काहीबाही सुचायचं.

"लेकीचा आवाज, दाराशी थांबला, भाऊ पुसे त्याला, पास कुठे?"

"हे दुकानात भिंतीवर लिहून लावते मी," सूनबाई म्हणाली, तिला कचेरीच्या काचेच्या दारातून आत नेऊन खुर्चीत बसवलं, आणि केस भिजवून ठेवलेल्या गिऱ्हाइकाकडे पळाली.

पासांच्या टेबलामागच्या मुलीनं विचारलं, "मावशी, कुणाला भेटायचंय?"

आईनं लेकाचं नाव सांगितलं.

"अय्या, आमच्या साहेबांना. काम काय लिहू?"

"एक बाई नावेत आहे म्हणावं."

मुलीनं थोडा विचार केला आणि "वैयक्तिक" असं लिहिलं. मग दोघी थांबल्या. काचेच्या दारातून माणसं येत होती, जात होती, गळ्यातल्या पट्ट्यांच्या पितळी कड्या खुळखुळत होत्या. थोड्या वेळानं मुलगी ओशाळून म्हणाली, "मावशी, नाही आलंय."

"तो नाही म्हणाला?"

"म्हणाले असं नाही. वेळेत हो दाबलं नाही की आपोआप नाही होतं. मीटिंगमध्ये असतील. पाहुण्यांच्या नियमांवर शिकवणी आहे आज त्यांची."

आई हसली. इतकी हसली की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस सरकून बसला.

जेवायच्या सुट्टीत साहेब खाली उतरले, मागे शिकवणीचे चार-पाच शिष्य. समोर आई.

"आई? तू इथं? आत का नाही आलीस?"

"तू नाही म्हणालास."

"मी कुठे नाही म्हणालो?"

"मी तरी कुठे म्हणाले होते?"

त्याला कळेना. टेबलामागच्या मुलीला आधीच सगळं कळलं होतं, आईनं तिला वाट बघता बघता सांगितलं होतं. तिनं ते साहेबांना शिष्यांसमोर सविस्तर सांगितलं. टिंग, डबे, हिरवं बटण, सगळं. एक शिष्य वहीत लिहून घेऊ लागला, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं.

साहेबांनी मोबाइल काढला. अंगठा पडद्यावर अडखळला. "तिची बंदी उठवतो. पण सदस्य कसं करू, आई? ती राहत नाही ना घरात. नियम म्हणजे..."

"नियम चांगला आहे तुझा," आई म्हणाली. तिनं हात पुढे करून त्याच्या शर्टाची बाही चाचपली, वर जात जात मोडलेल्या कॉलरपर्यंत आली आणि ती सरळ केली. "मी नाही का राहत घरात? मग माझ्या कानात कोण राहतं ते मी ठरवीन."

शिष्य जमिनीकडे बघत होते. साहेबांनी अंगठा दाबला. छोटीच्या नावापुढे "पाहुणा" होतं तिथं "सदस्य" झालं. "तात्पुरतं," तो पुटपुटला, पण कुणी ऐकलं नाही, आणि त्यानंही पुन्हा म्हटलं नाही.

त्याच दुपारी घरी भिंतीनं घसा खाकरला. "आई," छोटी म्हणाली. पानं उलटल्याचा आवाज. भिंतीपलीकडे कुणी ऐकत नाही हे माहीत असूनही आई म्हणाली, "आहे गं, आहे. वाच." आणि वाचन सुरू झालं. बाईनं शिजवायचं पातेलं उचललं. भरून बाहेर, भरून बाहेर. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं, नडगीपर्यंत आलं. आईच्या हातातला कपडा कधीचा मांडीवर पडला होता.

कुलूप उघडल्याचा आवाज झाला. लेक लवकर आला होता. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यानं आवाज जरा मोठाच आहे की काय असं काही बोलायला तोंड उघडलं. आईनं न वळता हात वर केला.

"गप रे. काठ नाही आला अजून."

भिंतीतली बहीण वाचत राहिली. तो एका हातात बूट धरून तिथंच उंबऱ्यावर बसला. थोड्या वेळानं, हळूच, त्यानं विचारलं, "नाव फुटली कशी पण?"

"सुरुवातीपासून यायचं होतंस," आई म्हणाली, आणि सरकून त्याला स्टुलाशेजारी जागा करून दिली.