ल्युबिंकाच्या हातातला दोर

गोयकोच्या छातीत पेसमेकर बसवला. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन गोष्टी बजावल्या. काही आठवडे डाव्या हाताने जड उचलायचं नाही आणि मोठ्या चुंबकाजवळ छाती न्यायची नाही, कधीच नाही. पहिली गोष्ट त्याने मान डोलावून ऐकून घेतली. दुसरी ऐकल्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, माणूस घाबरला. त्याची बायको ल्युबिंका ओळखून होती की यातून पळवाट कुठे सापडते ते हा बघतोय.

रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गोयकोला एकच नाद होता. शनिवार उजाडला की तो सर्बियातल्या त्यांच्या झ्रेन्यानिन शहरातल्या जुन्या पुलाखाली बेगेज नदीवर जायचा, दोराला बांधलेलं चुंबक पाण्यात फेकायचा आणि तळातलं लोखंड ओढून वर काढायचा. सायकली, साखळ्या, बोटींचे नांगर, पाय तुटलेलं शिलाई मशीन. सगळं अंगणात येऊन पडायचं. त्या ढिगावरून ल्युबिंकाने नवऱ्याला जेवढं ऐकवलं होतं, तेवढं दारूवरूनही ऐकवलं नव्हतं.

आता तो घरात बसला आणि ढीग परवडला असं तिला झालं. ती हिवाळ्याच्या चटणीसाठी लाल मिरच्या भाजत असली की हा मागे उभा. जाळ मोठा आहे, मिरची उलट, बरण्या नीट धुतल्यास का. एका सकाळी तिने चिमटा खाली ठेवला.

"चल नदीवर," ती म्हणाली. "मी फेकते. तू लांब बसून अक्कल शिकव. निदान मोकळ्या हवेत तरी ऐकेन."

गोयको हसला. "तू? तुला गाठ तरी मारता येते का?"

"चाळीस वर्षं तुझ्याशी बांधलेली आहे ना, सुटली का?"

प्रश्न चुंबकाचा होता. गोयकोचं चुंबक म्हणजे पोलादाच्या वाटीत बसवलेली ताटलीएवढी, जाड चकती. शेडमध्ये लाकडी पेटीत, चारी बाजूंनी थर्माकोल भरून ठेवलेली. ल्युबिंकाने ती बाहेर काढली आणि दोन पावलं टाकते न टाकते तोच चकती ढकलगाडीच्या पत्र्याला जाऊन चिकटली. तिची करंगळी थोडक्यात वाचली. ओढून काही ती निघेना. गोयको दारातूनच ओरडत राहिला, "ओढू नको, बाजूला सरकव!" पण सरकवायलाही अंगात जोर हवा. शेवटी तिहोमीरला बोलवावं लागलं. तिहोमीर म्हणजे त्यांच्या लग्नातला साक्षीदार, कूम. तिकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा वरचं, आणि त्या नात्यातली बाई म्हणजे कुमा. त्याने लाकडाचा ओंडका लावून चकती कडेपर्यंत रेटली आणि सोडवली.

"कुमा," तो ल्युबिंकाला म्हणाला, "हे तुझ्या कामाचं नाही. हे नवऱ्यासारखं आहे, एकदा चिकटलं की सुटत नाही."

म्हणून ती बाजारातल्या अवजारांच्या दुकानात गेली. दुकानदार दालिबोर. त्याने सवयीने सगळ्यात मोठं चुंबक पुढे केलं.

"ते घरी आहे," ल्युबिंका म्हणाली. "मला असं हवंय की पुलाच्या खांबाला चिकटलं तर मी एकटी सोडवू शकेन."

"मग पकड कमी मिळेल, काकू. आणि वर लिहिलेल्या किलोंवर जाऊ नका. तो आकडा जाड, गुळगुळीत पोलादावरचा असतो. नदीतलं लोखंड गंजलेलं, वाकडंतिकडं. त्यावर चौथा हिस्सा पकडला तरी खूप."

"दोन्ही बाजूंनी पकडणारं आहे का?"

"आहे. पण तुम्ही काठावरून ओढणार, म्हणजे ते तळावर घसटत येणार. कडेनं पकडणारं घ्या. वरची कडी मात्र गोंद लावून पिळा, नाहीतर आटे सुटतात आणि चुंबक नदीला दान."

तिने मुठीत मावेल असं, कडेनं पकडणारं चुंबक घेतलं. जाड हातमोजे घेतले, आणि अडकलेला दोर कापायला एक सुरी. घरी गोयकोने ते चुंबक बघितलं.

"याने काय काढणार? चमचे?"

"चमचे तर चमचे. आपल्याकडे कमीच आहेत."

शनिवारी दोघं पुलाखाली गेली. गोयको काठावर वर, घडीच्या खुर्चीत, सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला. ल्युबिंका खाली पाण्याशी. पहिली फेक पायापाशीच पडली, दुसरी झुडपात. दुपारपर्यंत मात्र तिला दोराचं बोलणं कळायला लागलं. दगडावरून चुंबक जातं तेव्हा दोर थरथरतो, चिखलात गेलं की गप्प होतो, आणि लोखंड लागलं की एकदम ताठ. त्या दिवशी एक बिजागरी, सायकलचं पायडल आणि खरोखरच एक चमचा निघाला. तो तिने धुऊन गोयकोच्या मांडीवर ठेवला. त्याने तो खिशात घातला.

असे तीन-चार शनिवार गेले. ती सुधारत गेली. पुलावरून जाणारे लोक थांबून बघायचे आणि गोयको वरून त्यांना सांगायचा, "माझी शिष्या." घरात आल्यावर मात्र तो गप्प असायचा. आपल्याशिवाय नदीचं अडत नाही, हे त्याला लागलं होतं आणि ते तिला कळत होतं.

मग एका शनिवारी तिचं चुंबक पुलाच्या पलीकडे कशाला तरी लागलं, जोरात लागलं, आणि ओढताच सुटलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"मोठं काहीतरी आहे," गोयको उभा राहून म्हणाला. "याला माझंच लागेल."

तिनेही नको म्हटलं नाही. तिच्यातही तो नाद आता शिरला होता. तिहोमीरला फोन केला, त्याने घरून मोठ्या चुंबकाची पेटी मोटारीतून आणून दिली आणि तो मोटार लावायला वर गेला. ल्युबिंकाने मोठी चकती दोन्ही हातांनी झुलवून फेकली. ती खाली बसली ती अशी की दोर तारेसारखा ताठ. ल्युबिंका ओढत होती, टाचा चिखलात रुतत होत्या. जे काही होतं ते वीतभर हलायचं आणि थांबायचं.

गोयको खाली आला.

"मागे हो," ल्युबिंका म्हणाली.

"अगं, चुंबक तिकडे पाण्यात आहे, मी इथे. दोरानं काय होतंय? एका हाताने धरतो."

बोलणं चुकीचं नव्हतं. तिने त्याला दोराचं मागचं टोक धरू दिलं. दोघांनी मिळून ओढलं. पाणी गढूळ झालं, बुडबुडे आले आणि काठापासून हातभर अंतरावर एक काळी, रुंद कड वर आली. कडेला भोक होतं. कडेवर चकती घट्ट बसली होती.

गोयकोने दोर सोडला आणि पुढे वाकला.

त्याची पद्धत तिने इतकी वर्षं पाहिली होती. सापडलेली वस्तू दोन्ही हातांनी कवटाळायची, छातीशी घ्यायची आणि पिळून चुंबक सोडवायचं. आत्ताही त्याचे हात तसेच पसरले होते. ती "गोयको" म्हणाली. त्याने ऐकलं नाही. तो गुडघ्यावर बसला.

तिने सुरी काढली आणि दोर कापला.

काळी कड मागे कलंडली आणि घसरत खोल पाण्यात गेली, चुंबकासकट. गोयको रिकामे हात पसरून तसाच बसून राहिला. मग उठला, पँटचा चिखल झटकला आणि मोटारीत जाऊन बसला.

पुढचे काही दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता. तो समोर बसून जेवायचा, पाव मागायचा, मीठ मागायचा, बस्स. ल्युबिंकानेही समजूत काढली नाही. आपण केलं ते पुन्हा करू, हे तिला माहीत होतं. मग माफी कशाची मागायची? फक्त एका रात्री त्याचा श्वास ऐकत ती जागी राहिली.

बुधवारी तिहोमीर आला. "माझ्याकडेही एक चुंबक आहे," तो म्हणाला. "जागा ठाऊक आहे. चल, दोन्ही काढून आणू, तुझी चकती आणि ते धूड."

ल्युबिंका कॉफी ओतत होती. ती थांबली.

"पडू दे," गोयको म्हणाला.

"अरे, एवढी महागाची वस्तू..."

"पडू दे म्हटलं ना. वर आलं की माझे हात परत तिकडेच जाणार." त्याने कप पुढे ओढला. "मला माझी खात्री नाही, कूम. तिला तिची आहे."

तिहोमीरने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि साखर मागितली.

"पण होतं काय ते?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"बोटीचं सुकाणू," गोयको म्हणाला.

"चुलीचं झाकण," ल्युबिंका म्हणाली.

"झाकण? एवढं रुंद? तुझे डोळे तपासून घे."

"माझे डोळे बरे आहेत. मी सुरीकडे बघत होते, तरी दिसलं."

यावरून जे सुरू झालं ते तिहोमीरची दुसरी कॉफी संपली तरी चालूच होतं.