दोन घंट्या

साहेबराव खरात बत्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांची बायको त्यांच्या गाडीत मोजून दोनदा बसली. एकदा बहिणीच्या लग्नाला जाताना, आणि एकदा लेकीला, विशाखाला, डी.एड.च्या परीक्षेला पोचवायचं होतं तेव्हा. बाकी सगळा संसार मुक्कामी गाड्यांनी खाल्ला. आज सोयगाव, उद्या पैठण, परवा आणखी कुठं, आणि घरी आले की झोप. पारूबाई अंगणवाडीत मदतनीस होती. दिवसभर ती लोकांच्या पोरांना खिचडी वाढायची आणि नवरा घरी आला की आधी खाटेवर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून भांडायची, मग जेवायला वाढायची. भांडणात तिनं कधी माघार घेतली असेल तर ती साहेबरावांना आठवत नव्हती.

रिटायर झाल्यावर लोक घर बांधतात. साहेबरावांनी शाळेच्या पोरांची ने-आण करणारी एक जुनी मिनीबस घेतली आणि तिचंच घर केलं. भीमनगरातल्या शेजाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पण कल्पना मुळात पारूबाईची होती. 'साऱ्या जिल्ह्याला फिरवलंत, आता मला फिरवा,' असं ती एका सकाळी भाकरी थापता थापता बोलून गेली होती, आणि साहेबरावांनी ते मनावर घेतलं होतं. भाड्याची खोली सोडली. हर्सूलला विशाखाच्या घराशेजारी एक रिकामा प्लॉट होता, तिथं गाडी उभी करायची परवानगी जावयानं, राजकुमारनं, मालकाकडून मिळवून दिली.

चार महिने साहेबराव त्या गाडीत खपले. गॅसचा ओटा पारूबाईच्या कमरेच्या मापानं केला, कारण आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या मापाच्या ओट्यांपुढं पाटावर उभी राहून स्वयंपाक करत आली होती. पलंगाखाली धान्याच्या पेट्या, छतावर पाण्याची टाकी, आणि खड्ड्यात हलू नये म्हणून बुद्धमूर्ती फळीला स्क्रूनं पक्की केलेली. ड्रायव्हरच्या सीटमागं मात्र त्यांनी प्लायवूडची आडभिंत घातली. आतला उजेड समोरच्या काचेवर पडतो, हे त्यांनी सांगितलेलं कारण. खरं कारण, मागं संसाराची खुडबूड चालू असताना त्यांना गाडी हाकता येत नव्हती. वर त्या भिंतीवर त्यांनी लाल रंगानं लिहूनही टाकलं, 'वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.' पारूबाई पोट धरून हसली. आजवर तोंडी सांगत होते, आता पाटी लावली, असं तिनं गल्लीभर सांगितलं.

पण बोलायचं नाही तर सांगायचं कसं? त्यावर साहेबरावांनी जुन्या बाजारातून एक पितळी घंटी आणली, ती आपल्या डोक्यावर टांगली, तिला तार जोडली आणि तारेला बांधलेली दोरी छताखालून थेट मागच्या पलंगापर्यंत नेली. नियम एसटीचाच. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. पारूबाईनं ही नोकरी इतक्या इमानानं केली, की खात्यातल्या कितीतरी कंडक्टरांनी तिच्याकडून शिकावं. भांडी नीट लागली, खिडकी बंद झाली, ती स्वतः टेकली, की मगच दोन घंट्या. त्याआधी गाडी जरा हलली की पुढच्या थांब्यावर साहेबरावांची हजेरी घेतली जायची. वाटेत गाव आलं की साहेबराव वेग कमी करायचे आणि वाट बघायचे. एक वाजली तर चहा, दोन वाजल्या तर पुढचं गाव.

असं दीड वर्ष गेलं. लेणी पाहिली, तळी पाहिली, कुठल्या कुठल्या पाहुण्यांच्या दारात गाडी लावून त्यांच्याच विहिरीचं पाणी भरलं. साहेबरावांना वाटायचं, नोकरीतली सगळी वर्षं आपण या दीड वर्षासाठीच गाडी शिकत होतो. ते इतके सुखात होते, की कुणाला सांगायचीही त्यांना लाज वाटायची.

मागच्या हिवाळ्यात ते बीडहून परत येत होते. पारूबाईची बहीण सत्यभामा तिथं राहते, तिच्याकडं चार दिवस राहून निघाले होते. गेवराईला चहा झाला. डोकं जड झालंय, जरा पडते, असं म्हणून पारूबाई मागं गेली. दुपारचे तीन वाजत आले होते आणि रस्ता मोकळा होता. पाचोड आलं तसा साहेबरावांनी सवयीनं वेग कमी केला. रस्त्याला लागूनच दवाखाना होता, त्याच्या अलीकडं त्यांचं नेहमीचं चहाचं हॉटेल. त्यांनी गाडी कडेला घेतलीच होती, इतक्यात घंटी वाजली. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा. चांगली जोरात.

साहेबराव हसले. कंटाळली, घरी जायची घाई झाली, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी गिअर टाकला आणि हॉटेल, दवाखाना, सगळं मागं टाकून ते निघाले. पुढं तासभर घंटी वाजली नाही. तेही त्यांना चांगलंच वाटलं. झोपली बिचारी, म्हणून त्यांनी खड्डे चुकवत, ब्रेक न लावता, अगदी मऊ गाडी हाकली.

हर्सूलला प्लॉटवर येऊन त्यांनी मागचं दार उघडलं, तेव्हा पारूबाई दोन पेट्यांच्या मधे खाली पडलेली होती. तोंड वाकडं झालं होतं आणि डोळे उघडे होते. डाव्या मुठीत दोरी होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, उजवी बाजू कितपत परत येईल ते बघू, वाचा हळूहळू येईल. तासभर आधी आणलं असतं तर फार फरक पडला असता, एवढं ते जाता जाता म्हणाले. विशाखा शेजारीच उभी होती. रात्री तिनं विचारलं, बाबा, तुम्हाला कळलंच कसं नाही? साहेबरावांनी तिच्याकडं न बघता सांगितलं, झोपली होती. आयुष्यात ते पोरीशी एवढंच एक खोटं बोलले, आणि बोलल्याक्षणी त्यांना कळलं की आता हे रोज बोलावं लागणार.

पारूबाई विशाखाच्या घरी आली. तिला गाडीची पायरी चढणं शक्यच नव्हतं. साहेबराव दिवसभर तिच्या खोलीत बसायचे, तिचं तोंड धुवायचे, घास भरवायचे, उजव्या हाताची बोटं उघडमीट करून द्यायचे. झोपायला मात्र प्लॉटवर जायचे. घरात जागा होती, विशाखानं कितीदा म्हटलंही. पण पारूबाई झोपेत कण्हली की त्यांना ते ऐकवत नसे. पलंगावरही ते झोपत नव्हते. पुढं ड्रायव्हरच्या सीटवर मान टाकून पडायचे.

दोन महिन्यांनी पारूबाईला शब्द फुटायला लागले. पाणी. ऊन. विशी. एकेक शब्द ती खणून काढायची. विशाखाला त्यातलं अर्धं कळायचं, साहेबरावांना सगळं कळायचं, आणि म्हणूनच त्यांना धास्ती वाटायची. एक दिवस ती दोरीबद्दल बोलणार, हे ते धरून चालले होते. बोलली तर ती आपल्याला फाडून खाईल, आणि खाल्लं तर बरंच, असंही त्यांना वाटे.

एके सकाळी विशाखाच चहा घेऊन ओसरीवर आली. आई काल बोलली, म्हणाली. तिला सगळं आठवतंय. तिनं घंटी वाजवली होती. पण दोरीची वरची तार तुटलेली असणार, म्हणून बाबांना ऐकू गेली नाही, असं तिचं म्हणणं आहे. आणि वर म्हणते, तार नीट करून घ्या, मला बरं वाटलं की आपण परत गाडीत राहायला जाऊ. एवढं सांगून विशाखा रडायला लागली. अशा आजारात आईनं गाडीचं नाव काढावं याचं तिला नवल वाटत होतं. बाबा, तुम्ही तार जोडल्याचं सांगून टाका, तेवढंच तिला समाधान, असं म्हणून ती शाळेत गेली.

साहेबराव प्लॉटवर गेले. टूलबॉक्समधून पक्कड काढली. तार जिथं घंटीला जोडली होती, तिथं एकदा दाबलं की ती तुटणार होती. मग पारूबाईची समजूत खरी, आपलं खोटंही खरं, आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. सीटवर उभं राहून त्यांनी पक्कड तारेला लावलीसुद्धा. पण एक गोष्ट त्यांना गिळता येईना. ती परत मागं बसायला तयार होती. ज्या दोरीनं तिचा घात केला त्याच दोरीच्या भरवशावर, आपल्याच पाठीमागं, पुन्हा बसायला तयार होती. खोट्यावर तिला तिथं कसं बसवायचं? त्यांनी पक्कड जागेवर ठेवली आणि ते घरात गेले.

पारूबाई उशीला टेकून बसली होती. विशाखानं तिची वेणी घातली होती. साहेबराव पलंगाशी खालीच बसले.

"पारू, तार तुटली नव्हती," ते म्हणाले. "मला ऐकू आली व्हती घंटी."

तिनं मान त्यांच्याकडं वळवली.

"पाचोडला. गाडी कडंला घेतलीच व्हती म्या. पण दोन वाजल्या. मला वाटलं, तू चला म्हणतीस. म्हून नाय थांबलो."

पारूबाईच्या चेहऱ्याचा एकच भाग हलत होता, त्यामुळं तिच्या मनात काय चाललंय हे साहेबरावांनाही कळेना. मग ती शब्द जुळवायला लागली. साहेबराव थांबून राहिले.

"दोन," ती म्हणाली. "व्हय. म्याच... दोनदा वढली."

"व्हय."

"डोक्यात लई कळ आली. तुमी लवकर... लवकर थांबावं. म्हून दोनदा."

साहेबरावांनी डोळे मिटून घेतले. आता ती बोलेल, संसाराच्या अडतीस वर्षांत बोलली नसेल इतकं बोलेल, म्हणून त्यांनी मान खाली घातली. डोक्यावर तिचा डावा हात आला. चालत होता तो एकच.

"चुकलं माझं," पारूबाई म्हणाली. "एकदाच वढायला पायजे व्हती. कंडक्टरचं चुकलं. डायवरचं नाय."

साहेबराव तिच्या अंथरुणात तोंड खुपसून रडले. नाही, चूक माझी, एवढं तरी त्यांना म्हणायचं होतं. पण ते तोंडातून निघेना. दोन घंट्यांवर गाडी थांबवायची नसते हे बत्तीस वर्षं त्यांच्या हातापायात भिनलेलं होतं, आणि आत कुठंतरी त्यांना अजूनही तिचं म्हणणं बरोबर वाटत होतं.