तुमच्याकडे वेळ आहे

पत्रकबाईंनी नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं आणि हळूच ओढायला सुरुवात केली. पट्टी पिवळी पडून काचेशी एकजीव झाली होती. दुकानात कोणी नाही हे पाहूनच त्या आत शिरल्या होत्या. वरचे दोन कोपरे सुटले, कागद पुढे झुकला, आणि तेवढ्यात कपड्यांच्या गठ्ठ्यांमागून आवाज आला.

“ओ बाई! काय चाललंय?”

इस्त्रीवाली हातातली ओली चादर तशीच टेबलावर टाकून पुढे आली. चाळिशीची, दंडाला भाजल्याचे जुने डाग, आणि आवाज असा की समोरच्या दुकानातल्या माणसानेही मान वर करून पाहिलं.

“हा कागद काढतेय. जुना झालाय तो.”

“तुमचा आहे का?”

या प्रश्नाचं सरळ उत्तर पत्रकबाईंनी कधीच दिलं नव्हतं.

“जुना आहे,” त्या पुन्हा म्हणाल्या.

“जुनी तर मीपण आहे. मला काढून टाकणार का?” इस्त्रीवालीने त्यांचा हात बाजूला केला, कागद तळहाताने काचेवर दाबून सरळ केला आणि गरम इस्त्री उचलावी तशा सराईतपणे टेबलावरची चिकटपट्टी उचलली. “दुकान खाली करायची नोटीस आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. हा कागद नसता तर मी वेडी झाले असते. पहिलीच ओळ बघा. घाबरू नका, तुमच्याकडे वेळ आहे. असं कोण सांगतं आजकाल?”

पत्रकबाईंनी त्या ओळीकडे पाहिलं नाही. बघायची गरजच नव्हती.

ती ओळ त्यांचीच होती. कायदा मदत केंद्रात त्यांनी सव्वीस वर्षं काढली, आणि त्यातली बरीचशी लोकांना समजतील असे कागद लिहिण्यात. म्हणून तर हे नाव पडलं. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं. सरकारी पुस्तिका वाचून लोकांच्या नाकी नऊ यायचे. पत्रकबाईंची पत्रकं मात्र लोक घडी करून पाकिटात ठेवायचे. नोटीस आली तर काय करायचं, कुठे जायचं, कोणाला काय विचारायचं, सगळं एका पानावर. मोठी अक्षरं, छोटी वाक्यं. आणि खाली ना नाव, ना तारीख. तारीख टाकली की कागद दोन वर्षांत शिळा दिसतो आणि लोक फेकून देतात, असं त्या बैठकीत अगदी ठासून म्हणाल्या होत्या, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

पुढे कायदा बदलला. हरकत नोंदवायची तीस दिवसांची मुदत पंधरावर आली. केंद्राने नवीन पत्रक छापलं, पण जुनं काही मेलं नाही. ते दवाखान्यात, शिलाईच्या दुकानात, शाळेच्या सूचनाफलकावर, कोणाच्या कपाटाच्या दाराआड तसंच जगत राहिलं. पत्रकबाई निवृत्त झाल्यावर बायका फिरायला जातात तशा रोज घराबाहेर पडत आणि ते हुडकत. नवीन पत्रक लावत आणि जुनं काढत. एका वहीत त्यांनी जागा लिहून ठेवल्या होत्या. आतापर्यंत एकशे बारा. कधीकधी दुकानाच्या रांगेत त्यांच्या मागे कोणीतरी दुसऱ्याला समजावत असे, आणि ते शब्द पत्रकबाईंचेच असत, अगदी स्वल्पविरामासकट. मग त्या सामान न घेताच घरी येत.

“नोटीस कधी आली?” त्यांनी विचारलं.

“झाले की पंधरा दिवस. अजून पंधरा आहेत.”

“आज पंधरावा?”

“हो. का?”

पत्रकबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजले होते. कचेरीचा अर्ज घेणारा कारकून चार वाजता खिडकी बंद करत असे.

“मुदत आता पंधराच दिवसांची आहे. आज शेवटचा दिवस. आज अर्ज दिला नाही तर दुकान गेलं म्हणून समजा.”

इस्त्रीवाली हसली. मग हसू पुसून तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“घरमालकाने पाठवलंय का तुम्हाला?”

“नाही हो.”

“मग कागद फाडायला कशाला आलात?”

नवीन पत्रकं संपली होती, म्हणून पत्रकबाईंनी पिशवीतून नवीन सरकारी पुस्तिका काढून तिच्यापुढे धरली आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं. इस्त्रीवाली ओठ हलवत वाचू लागली. सदर अधिनियमाच्या सुधारित तरतुदीस अधीन राहून, येथपर्यंत ती नेटाने आली. पुढच्या ओळीत अडखळली, मागे गेली, पुन्हा आली.

“हे कोणासाठी लिहिलंय?”

“तुमच्यासाठी.”

दोघींनाही हसू येता येता राहिलं.

“थांबा, मी बघते,” इस्त्रीवाली म्हणाली आणि तिने मोबाइल काढला. ओल्या अंगठ्याने दोन-तीनदा पडदा पुसला, आणि मग विजयी चेहऱ्याने मोबाइल त्यांच्यासमोर धरला. “हे बघा. सगळ्यात वर हेच येतंय.”

पडद्यावर त्यांचंच पत्रक होतं. कोणीतरी भिंतीवरून त्याचा फोटो काढला होता, जरा तिरका, कोपऱ्यात कोणाचा तरी अंगठा. खाली हजारो लोकांनी तो पुढे पाठवल्याचा आकडा होता, आणि कोणीतरी लिहिलं होतं, ज्याने हे लिहिलं त्याचं भलं होवो. पत्रकबाई इस्त्रीच्या टेबलाला टेकल्या. एकशे बारा भिंती खरवडून काय मिळवलं, असं त्यांच्या मनात आलं.

“ते मी लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“हा कागद मी लिहिलाय. तेव्हा बरोबर होता. आता चुकीचा आहे.”

“लिहिणारी बाई असा फाडेल होय स्वतःचा कागद? हे लिहिणारं माणूस मायेचं असणार. तुम्ही तर चोरासारख्या आत शिरलात.”

पत्रकबाईंनी काचेकडे पाठ केली आणि बोलायला सुरुवात केली. घाबरू नका. तुमच्याकडे वेळ आहे. नोटीस कोणी दिली आणि कधी दिली, हे आधी बघा. पाकीट फेकू नका. त्या सांगत गेल्या, एकही शब्द न चुकता, आणि इस्त्रीवाली आधी थट्टेने, मग बोट ठेवून, मग बोट ठेवायचं विसरून काचेवरचा कागद वाचत राहिली. कोणाशीही भांडू नका, या वाक्यापाशी पत्रकबाई थांबल्या.

“इथे मी आधी लिहिलं होतं, रडू नका. तेव्हाच्या साहेबांनी खोडलं.”

इस्त्रीवालीने इस्त्रीची वायर ओढून काढली.

“चला,” ती म्हणाली. “शटर ओढू लागा जरा.”

कचेरीत रांग होती. पत्रकबाईंनी बाकावर बसून अर्ज भरला, इस्त्रीवालीने सही केली, मग एक झेरॉक्स कमी पडली, ती आणायला इस्त्रीवाली पळत गेली आणि पळत आली. पावणेचार वाजता कारकुनाने शिक्का मारला आणि पोच हातात दिली. इस्त्रीवालीने ती छातीशी धरली. पत्रकबाईंच्या बाटलीतलं पाणी ती घटाघटा प्यायली आणि बाटली पुसून परत दिली.

“वाचले,” ती म्हणाली. “तुम्ही आज आला नसतात तर?”

परत दुकानापाशी आल्यावर मात्र तिने कुलपाला किल्ली लावली आणि फिरवलीच नाही.

“बाई, एक विचारू? पंधरा दिवस होऊन गेले असतील तर?”

“कोणाचे?”

“माझ्या थोरल्या जाऊबाईंचे. वरच्या खोलीत राहतात. एकट्या असतात, दीर गेल्यापासून. त्यांची नोटीस माझ्याआधी आली. पाच दिवस आधी.” तिने किल्ली तशीच सोडली. “त्या पहिल्याच दिवशी निघाल्या होत्या कचेरीत. पिशवी घेऊन खाली आल्या होत्या. मीच म्हटलं, कशाला धावपळ करता, आपल्याकडे वेळ आहे. त्यांना आत बोलावून कागद वाचून दाखवला. हसल्या आणि वर गेल्या.”

रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली. पत्रकबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

“उशीर माफ करा, असा अर्ज देता येतो. पण कारण सांगावं लागतं, आणि त्याला आधार लागतो.”

“कारण तर आहे की. हा कागद.”

“त्यावर नाव नाही. कोणीही छापला असेल, असं कचेरी म्हणते. तो कोणी लिहिला, कुठून निघाला, हे कोणीतरी शपथेवर लिहून दिलं, तर...”

नऊ वर्षांपूर्वी केंद्रात एक घड्याळं दुरुस्त करणारा आला होता. बाविसाव्या दिवशी, अगदी निश्चिंत. पत्रकाला त्याने प्लास्टिकचं आवरण घातलं होतं. उशीरमाफीसाठी कचेरीने विचारलं, हा कागद कोणाचा? तेव्हा केंद्रात नव्याने आलेल्या साहेबांनी तो उंच धरून सगळ्यांना विचारलं, हा आपल्याकडचा आहे का? जुन्यांपैकी उरलेल्या एकट्या पत्रकबाई शेजारच्या टेबलावर होत्या. त्या मूग गिळून बसल्या. टाचण्यांच्या डबीतल्या टाचण्या एका दिशेला लावत राहिल्या. घड्याळवाल्याचा अर्ज फेटाळला गेला. दुकान गेल्यावर तो मुद्दाम केंद्रात येऊन त्यांना म्हणाला होता, तुम्ही अर्ज छान लिहून दिला होता बाई, माझंच नशीब. निवृत्त झाल्यावर त्या भिंती खरवडू लागल्या त्या यामुळेच. भिंतीपाशी काही बोलावं लागत नाही.

इस्त्रीवाली त्यांच्या तोंडाकडे बघत होती. नाव द्यायला या घाबरतात, हे तिला समजलं असावं.

“तुम्ही थांबा इथेच,” ती म्हणाली. “मला सांगितलं पाहिजे त्यांना.”

आणि ती गेलीही. कुलपातली किल्ली काढायलासुद्धा थांबली नाही. दुकानाच्या बाजूलाच अरुंद लाकडी जिना होता. पत्रकबाई त्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. वर कडी वाजली, दार उघडलं.

“ताई, बसा आधी.”

“बसते. काय झालं?”

“तुम्ही कचेरीत निघाला होतात, मी थांबवलं होतं. मुदत पंधराच दिवसांची होती. ती गेली. माझ्यामुळे गेली.”

पत्रकबाईंनी कठडा धरला. इस्त्रीवाली एवढंच बोलली. ना पाणी मागितलं, ना घसा खाकरला. वर कोणीतरी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“आणि तो कागद?” थोरल्या जाऊबाईंचा आवाज बारीक झाला होता. “तो कोणी लिहिला होता गं?”

इस्त्रीवालीची दोन पावलं वाजली.

“काय माहीत,” ती म्हणाली. “नाव नव्हतं त्यावर.”

पत्रकबाईंचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोला, अगदी खरोखर पडला, आणि त्याचीच त्यांना इतकी लाज वाटली की कान तापले. रस्ता मोकळा होता. कोपऱ्यावर बस उभी होती. त्यांना इथे ओळखणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने त्यांना नुकतंच सोडून दिलं होतं.

त्या जिना चढू लागल्या. गुडघे कुरकुरत होते, पिशवी कठड्याला अडकत होती. वरच्या पायरीवर पोचल्या तेव्हा खोलीतल्या दोघींनी वळून पाहिलं. थोरल्या जाऊबाई लहानखुऱ्या होत्या, केस पूर्ण पांढरे. त्यांनी घाईघाईने डोळे पुसले.

“ह्या कोण?”

“ह्या ना,” इस्त्रीवाली पटकन म्हणाली, “ह्या माझ्या ओळखीच्या, कपडे द्यायला...”

“नाही,” पत्रकबाई म्हणाल्या.

पुढचं बोलायला त्यांना श्वास पुरेना. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. थोरल्या जाऊबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

“आधी आत या बघू,” त्या म्हणाल्या. “दमला आहात. बसा, मग बोला.”